बुधाचा एकटेपणा आणि वाचक

१. 'माचीवरला बुधा' : गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांची १९५८ची कादंबरी. मावळ तालुक्यातील राजमाचीवर ती घडते. दांडेकर स्वतः जवळच्या तळेगाव दाभाड्याचे रहिवासी. मुंबईतले जगणे सोडून बुधा माचीवर एकटा राहू लागतो. काही वाचकांना यात व्यक्तिस्वातंत्र्याचा कळस दिसतो : चारचौघांची मान्यता न घेता तो आपली जागा निवडतो. इतरांना ही पळवाट वाटते. अडवायला शेजारीच नसेल, तर स्वातंत्र्याची कसोटी लागणार कुठे? आयन रँड यांच्या 'द फाउंटनहेड'मधील (१९४३) वास्तुविशारद हॉवर्ड रोर्क मनासारख्या इमारतीसाठी समाजाशी झुंजतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकून गावी परततो, पण रमत कुठेच नाही. बुधा झुंजत नाही आणि उपराही राहत नाही. झाडापाखरांत तो मिसळून जातो. म्हणून त्याला 'व्यक्तिवादी' म्हणणे आम्हांला अर्धेच मान्य आहे : निर्णय त्याचा एकट्याचा, जगणे मात्र एकट्याचे नव्हे. – संपादक