लावणीच्या चित्रफितीवर हक्क कोणाचा?

अकलूज : सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३मध्ये सुरू झालेल्या लावणी स्पर्धेमुळे माळशिरस तालुक्यातील अकलूजचे नाव राज्यभर पोचले. कलाकेंद्रांतील नर्तकी, गायिका आणि ढोलकीवादकांना तिने प्रतिष्ठेचा रंगमंच मिळवून दिला. मात्र, लावणीची नक्कल पूर्वी ध्वनिफिती व व्हीसीडींतून आणि आता मोबाइलवरील चित्रफितींतून परस्पर पसरते. कलावंताला बिदागी एकदाच मिळते. चित्रफितीची कमाई भलत्याच्याच पदरात पडते. ही लूट रोखण्याचे साधन कायद्यात आहे, परंतु फडापर्यंत ते फारसे पोचलेले नाही.

लावणीवर दोन स्वतंत्र हक्क असतात. पहिला रचनेचा. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरील स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. सोलापूरचे शाहीर रामजोशी यांच्या लावण्या त्यामुळे कोणीही गाऊ शकतो. १९४५मध्ये निवर्तलेल्या पठ्ठे बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनाही २००६च्या आरंभापासून सर्वांसाठी खुल्या आहेत.

दुसरा हक्क सादरीकरणाचा. रचना जुनी असली तरी आज ती रंगवणाऱ्या कलावंताचा हक्क नवाच असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने तो समाविष्ट झाला. 'सादरकर्ता' या व्याख्येत गायक, वादक आणि नर्तकच नव्हेत, तर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही येतात. हा हक्क सादरीकरणाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे राहतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे, तसेच त्याची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड होऊ नये, असा दावा करण्याची मुभाही दिली.

प्रेक्षकाने केवळ खासगी उपयोगासाठी केलेले चित्रीकरण हा भंग ठरत नाही. ते संमतीविना इंटरनेटवर टाकणे किंवा विकणे हा ठरतो. अशी चित्रफीत आढळल्यास संबंधित संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करता येते. २०१३च्या नियमांनुसार, तक्रारीची खातरजमा झाल्यास ३६ तासांत ती रोखणे अपेक्षित आहे. तक्रारदाराला त्यानंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर करावा लागतो. अन्यथा चित्रफीत पुन्हा खुली होऊ शकते. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

खरी मेख आहे ती तोंडी व्यवहारात. कार्यक्रमाची सुपारी बहुधा शब्दावरच ठरते. कायद्याने मात्र हक्काचे हस्तांतर लेखीच व्हावे लागते. करारात मुदत नसल्यास ती पाच वर्षे, तर क्षेत्र नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. म्हणून चित्रीकरणास परवानगी आहे की नाही, ते कोण, कोठे आणि किती काळ दाखवणार आणि त्याचा मोबदला किती, एवढे मुद्दे सुपारीच्या कागदावर आले पाहिजेत. तारीख आणि कलावंतांची नावे असलेली मूळ चित्रफीतही फडाने जपून ठेवावी. वाद न्यायालयात गेल्यास तोच पुरावा ठरतो.