पाँडिचेरीच्या समुद्रावर उभे असलेले जिंजीचे खांब

पाँडिचेरीला गेलेले आपले लोक पहाटे उठून समुद्रावर जातात, आणि बरोबरच करतात. संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात बीच रोडवर गाड्यांना बंदी असते, त्यामुळे रस्ता चालणाऱ्यांच्या मालकीचा. शिवाय आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, तिथे समुद्रातून वर येतो. कोकणातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

या रस्त्यावर सगळे थांबतात ते गांधीजींच्या पुतळ्यापाशी. फोटो पुतळ्याचा निघतो, पण भोवतीचे उंच, कोरीव दगडी खांब नीट बघा. ते जिंजीहून आणलेले आहेत. हो, आपली जिंजी! तिथल्या वेंकटरमण मंदिराचे खांब फ्रेंचांनी काढून पाँडिचेरीला नेले.

आता थोडं मागे जाऊ. 1677 च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि तिची तटबंदी मजबूत करून घेतली. तेव्हा पाँडिचेरी म्हणजे फ्रेंचांची नुकतीच थाटलेली छोटी वखार. तिचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याने महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवलं. मार्तँने लिहून ठेवलेल्या आठवणी आज त्या स्वारीच्या इतिहासाचं एक महत्त्वाचं साधन आहेत.

पुढे 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला पोचले. स्वराज्याची राजधानीच तिकडे गेली. झुल्फिकारखानाचा वेढा कित्येक वर्षं चालला. त्याच धामधुमीत, 1693 मध्ये, डचांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी जिंकली आणि गावाचा हक्क जिंजीच्या मराठी दरबाराकडून पैसे मोजून घेतला. वेढ्यातल्या दरबाराला पैशाची निकड होतीच. म्हणजे ज्या गावात आपण आज 'फ्रेंच फील' शोधत फिरतो, त्याचा व्यवहार एकेकाळी मराठी दरबारात होत होता!

तहानंतर 1699 मध्ये गाव फ्रेंचांना परत मिळालं. मग काळ उलटला. 1750 मध्ये, दुप्ले गव्हर्नर असताना, फ्रेंचांनी जिंजीच घेतली. 1761 मध्ये ती इंग्रजांकडे गेली. किल्ला ओस पडत गेला, त्याचे खांब मात्र पाँडिचेरीची शोभा वाढवत राहिले.

1954 मध्ये किळूर इथे मतदान झालं. 178 लोकप्रतिनिधींपैकी 170 जणांनी भारतात येण्याच्या बाजूने कौल दिला आणि 1 नोव्हेंबरला सत्तांतर झालं. त्यानंतर पाँडिचेरीने फ्रेंच खुणांचं काय केलं, हे आपण शिकण्यासारखं आहे. 1870 सालचा दुप्लेचा पुतळा फोडला नाही. तो हलवला, आज रस्त्याच्या दक्षिण टोकाला बागेत आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचं फ्रेंच स्मारक जागच्या जागी आहे. मध्यभागी गांधीजी आले. कोण आले, कोण गेले, हे सगळं एका फेरफटक्यात दिसतं. आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी बंदोबस्त लावावा लागतो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यातले 11 महाराष्ट्रात, बारावा जिंजी. पाँडिचेरीपासून साधारण 70 किलोमीटर. पण आपल्या टूरच्या कार्यक्रमात ऑरोव्हिल असतं, कॅफे असतात, जिंजी क्वचितच. राजधानी असलेल्या किल्ल्याची ही कथा, तर गावोगावच्या गढ्यांचे दगड कोणाच्या जोत्यात गेले, हे विचारायचं कोणी?

यादीत नाव आल्याने किल्ला वाचत नाही. लोक जातात, विचारतात, मुलांना दाखवतात तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं जातं. म्हणून पाँडिचेरीला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. पहाट समुद्रावर घालवा, खांबांवरून हात फिरवा आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत जिंजी गाठा. राजगिरी चढायला दम लागतो, पाणी सोबत ठेवा. जिथून ते खांब निघाले, ते मंदिर पायथ्याशी आजही उभं आहे.