नाथसागर

गोदावरीवर पैठणजवळ बांधलेल्या धरणामागे साठलेला गोड्या पाण्याचा विस्तीर्ण जलाशय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर्तमानपत्रे आणि सामान्य माणसे त्याला जायकवाडी म्हणतात. पण जायकवाडी हे एका पाटबंधारे प्रकल्पाचे नाव आहे, जलाशयाचे नव्हे. भूगोलाच्या नोंदीला नाथसागर हेच नाव योग्य ठरते. मुळात जायकवाडी हे बीड जिल्ह्यातले गाव. हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरी अडवण्याचा पहिला विचार झाला तो या गावाजवळ. पुढे जागा बदलली, धरण सुमारे शंभर किलोमीटर वरच्या अंगाला पैठणला गेले; कागदावरचे नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्‌घाटन केले, तेव्हा ज्या गावाचे नाव त्याला होते ते गाव धरणाच्या खाली, फार दूर होते. शिवाय याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवरचे माजलगाव धरण येते. म्हणजे जायकवाडी या एका नावात दोन नद्यांवरचे दोन जलाशय सामावतात. नुसते ‘जायकवाडीचे पाणी’ म्हटले तर काटेकोर वाचकाला ‘कुठले?’ असे विचारावेच लागेल.

जलाशयाचा स्वभाव ठरतो तो पैठणच्या सपाट भूमीमुळे. इथे नदीला डोंगरांची कूस नाही. त्यामुळे धरणाची भिंत जेमतेम ४१ मीटर उंच, पण लांबी मात्र जवळजवळ १० किलोमीटर. पूर्ण भरल्यावर सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी अंदाजे ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास निघते. सह्याद्रीतल्या कोयनेच्या शिवसागरात जवळपास तितकेच पाणी सुमारे ११५ चौरस किलोमीटरमध्ये, म्हणजे एक तृतीयांश जागेत मावते. पसरट आणि उथळ असल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात नाथसागराचे बाष्पीभवन फार होते, आणि सुमारे २१,७५० चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून येणारा गाळ साठवणक्षमता खातो. उथळपणाचा लाभही आहे. पाणी ओसरले की काठाची ओली जमीन उघडी पडते, तीत गाळपेर होते. चिखलाळ किनाऱ्यांवर हिवाळ्यात रोहित, चक्रवाक आणि नाना जातींची बदके उतरतात. म्हणूनच १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

नाथसागर या नावावर पहिला आक्षेप असा की रूढ नाव जायकवाडीच आहे, आणि कोशाने रूढीमागे जावे. कालवे, आवर्तने, नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली सोडायच्या पाण्याचा वाद यांत जायकवाडी हा शब्द अटळ आहे, हे मान्य. कारण तिथे चर्चा प्रकल्पाची असते. पण खोली, गाळ, पक्षी आणि बेटे यांविषयी बोलताना तो शब्द दिशाभूल करतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसाने बांधलेल्या साठ्याला सागर म्हणणे ही केवळ गौरवाची भाषा, आणि एकनाथांचे नाव नंतर चिकटवलेले. सागर या शब्दाचा हा वापर मराठीत एकाकी नाही. कोयनेचा शिवसागर आणि उजनीचा यशवंतसागर याच रीतीने ओळखले जातात. दख्खनच्या पठारावर मोठी नैसर्गिक गोड्या पाण्याची सरोवरे नाहीत. लोणारचे पाणी खारे. त्यामुळे इथल्या जलाशयांचा भूगोल हा बहुतांशी धरणांचाच भूगोल आहे आणि त्याला स्वतंत्र नावे हवीतच. नाथांचे नाव नवे असले तरी त्याचा स्थळाशी संबंध खरा आहे: संत एकनाथ पैठणचे, आणि १५९९ मध्ये त्यांनी याच गोदावरीत देह ठेवला. जायकवाडीचा या पाण्याशी असलेला संबंध हा सोडून दिलेल्या आराखड्याचा आहे. या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावांची जमीन गेली, त्या गावांमध्ये जायकवाडी नव्हते. नकाशावर भिंतीला जायकवाडी धरण आणि पाण्याला नाथसागर असे लिहावे.