येडशी ते जेद्दा, व्हाया कुर्डुवाडी

सध्या आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर एकच विषय आहे, आईबाबांची क्रूझ. आधी काही रात्री बोटीवर, मग काही दिवस जमिनीवर, बरोबर गाईड, डॉक्टरची सोय, हॉटेल आधीच ठरलेलं. रिटायर झालेल्या आईबाबांना पाठवायला झकास. बोलण्याचा सूर असा असतो की बोट आणि गाईड एकत्र करून म्हाताऱ्या माणसांना फिरवून आणायची कल्पना दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचली असावी.

मला मात्र अशा वेळी येडशी आठवतं. येडशी म्हणजे आमच्या धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचं गाव. रामलिंगच्या जंगलामुळे लोकांना ठाऊक असतं. पण त्या गावाला स्टेशन होतं, आणि आमच्या भागातून म्हातारपणी समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा प्रवास बरेचदा तिथनंच सुरू व्हायचा. हो, समुद्रावर! आमच्या दुष्काळी जिल्ह्यातनं! मी हज यात्रेबद्दल बोलतोय.

समुद्र, गाईड आणि साठीच्या पुढचे प्रवासी, हे समीकरण मुंबई बंदरात शंभराहून अधिक वर्षं चाललं. आजच्या ब्रोशरमध्ये ज्या सोयी ठळक अक्षरांत छापतात ना, परतीचं तिकीट, डॉक्टर, मुक्कामाची हमी, त्यातली एकेक सोय तेव्हा आधी कुणीतरी मेल्यावर किंवा अडकून पडल्यावर आलेली आहे. गेले दोन-तीन वीकांत मी हेच वाचत बसलो होतो.

आधी हे म्हातारपणीच का, ते सांगतो. हज आयुष्यात एकदा, तोही ऐपत असेल त्यालाच सांगितलेला आहे. ऐपत म्हणजे नुसता तिकिटाचा पैसा नव्हे. डोक्यावर कर्ज नको, आणि आपण परत येईपर्यंत घरच्यांच्या पोटापाण्याची सोय झालेली हवी. त्यात मुलींची लग्नं उरकल्याशिवाय आपल्याकडे कुणाचा पाय घरातून निघत नाही. आता आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं किंवा छोट्या दुकानदाराचं हे सगळं कधी जमणार? पन्नाशी-साठी उलटल्यावरच. हिंदू घरांत काशीयात्रेचंही असंच होतं. सगळं मार्गी लागलं की निघायचं, आणि धडधाकट परत आलो तर मावंदं घालायचं. हजला निघणारा माणूस गावभर फिरून ‘कहा-सुना माफ करना’ म्हणायचा. ते नुसतं सौजन्य नव्हतं, निरोपच होता तो.

आता मार्ग बघा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर थेट मुंबई जोडली गेली. नळदुर्ग-उमरग्याकडच्या माणसाने बैलगाडीने सोलापूर गाठायचं. परंड्याच्या माणसाला बार्शी जवळ. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. अडीच फुटी रूळ, डबे खेळण्यातले वाटावेत असे. धाराशिवकराने येडशीला त्या गाडीत बसायचं, कुर्डुवाडीला उतरून मुंबईची गाडी धरायची. (धाराशिव शहरातून रेल्वे जायला ब्रॉडगेजची वाट बघावी लागली, म्हणजे या शतकातलं पहिलं दशक. आपलं नशीब, दुसरं काय.)

वाटेत आणखी एक गंमत. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी-सोलापूर इंग्रजांच्या. चलन वेगळं! इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. ७ हाली दिले की साधारण ६ कलदार हातात यायचे. म्हणजे पै-पै साठवून जमवलेल्या पैशाला जिल्ह्याची हद्द ओलांडतानाच कात्री लागायची. मुंबईत पोचल्यावर मुसाफिरखाना. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यातला नावाजलेला. बोट लागेपर्यंत तिथे मुक्काम, आणि बोट कधी लागेल ते बरेचदा कुणालाच माहीत नसे.

आणि इथे दलाल उभे. बोटींची तिकिटं विकणाऱ्या दलालांच्या तक्रारी एकोणिसाव्या शतकाच्या सरकारी कागदांत भरपूर आहेत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, जाहीर केलेली तारीख एक आणि सुटायची तारीख भलतीच. मग १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हा कारभार एका खाजगी कंपनीकडे दिला. कोणती? थॉमस कुक! होय, तेच ते, ज्यांच्या नावाची पाटी आजही आपल्याकडे टूर विकते. नाईलच्या बोटींवर श्रीमंत गोऱ्या पाहुण्यांना फिरवणारी कंपनी आता मुंबईहून हाजींना न्यायला लागली. थेट रेल्वे आणि बोट अशी जोडणी, ठरलेलं भाडं, ठरलेली तारीख, असा मनसुबा होता. धंदा म्हणून ते जमलं नाही. मुंबईच्या जुन्या व्यापाऱ्यांना डावलून काही होणं कठीण होतं, आणि १८९३ मध्ये कुकने यातून अंग काढून घेतलं. मला यातली विचारसरणी ओळखीची वाटते. सिस्टिम नीट डिझाईन केली की माणसं आपोआप नीट वागतील, हा भ्रम आमच्या धंद्यात अजून जोरात आहे :)

सरकारला एवढी काळजी का होती? कॉलरा. १८६५ च्या हजमध्ये अंदाजे ९० हजारांपैकी १५ हजार यात्रेकरू दगावले असं म्हणतात, आणि तिथून साथ युरोपात गेली. युरोपात गेली म्हणून परिषदा झाल्या, हे ओघाने आलंच. १८८२ मध्ये तुर्कांनी तांबड्या समुद्रात कामरान बेटावर क्वारंटाईन सुरू केलं. मुंबईहून आलेल्या बोटीने तिथे थांबायचं, माणसं उतरवायची, कपडे वाफेत घालायचे, दिवस मोजायचे. कोविडमध्ये चौदा दिवस घरात बसून आपण किती कटकट केली ते आठवा. इथे साठी उलटलेली माणसं उघड्या, तापलेल्या बेटावर बसून होती. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग होता म्हणून त्या वर्षी हिंदुस्थानातून हजला जाणंच बंद केलं गेलं. आयुष्यभर थांबून शेवटी निघालेल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी या’ सांगणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

बोटींचा भरवसा काय होता त्याचंही एक उदाहरण. १८८० च्या ऑगस्टमध्ये ‘जेद्दा’ नावाची बोट सुमारे साडेनऊशे यात्रेकरू घेऊन मलायाकडून चालली होती. वादळात पाणी शिरलं तसे कप्तान आणि अधिकारी रात्री होडीत बसून पळाले, आणि एडनला जाऊन बोट बुडाल्याचं सांगून मोकळे झाले. मागोमाग ती ‘बुडालेली’ बोट दुसऱ्या जहाजाने ओढत एडनमध्येच आणली, यात्रेकरूंसकट! जोसेफ कॉनरॅडच्या ‘लॉर्ड जिम’चं बीज हेच. कादंबरी पळालेल्या गोऱ्या माणसाच्या अपराधभावाबद्दल आहे. मागे राहून पाणी उपसणाऱ्या प्रवाशांवर कुणी कादंबरी लिहिली असती तर ती मला जास्त आवडली असती. असो.

बोटीतून उतरलं की ‘लँड टूर’. जेद्दाच्या धक्क्यावर पहिला प्रश्न, तुमचा मुअल्लिम कोण? मुअल्लिम म्हणजे गाईड, पण आजच्या छत्रीवाल्या गाईडपेक्षा बराच मोठा माणूस. घर तो देणार, उंट तो ठरवणार, विधी तो शिकवणार, आणि कुणी दगावलं तर त्याच्या सामानाचं काय करायचं तेही तोच बघणार. कोणत्या मुलखातले यात्रेकरू कोणत्या मुअल्लिमचे हे पिढ्यान् पिढ्या वाटून घेतलेलं असायचं. आपल्या पंढरपूरच्या बडव्यांच्या नि काशीच्या पंड्यांच्या वह्या आठवतात की नाही? जेद्दा ते मक्का ऐंशी-एक किलोमीटर, उंटावर साधारण दोन रात्री. मक्का ते मदिना चारशेहून अधिक, दहा-बारा दिवस. उंटाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना खाटेसारखी एकेक बैठक, तिला शुगदुफ म्हणत. दोन्हीकडचं वजन सारखं हवं. नवरा धिप्पाड आणि बायको काटकुळी असेल तर तिच्या बाजूला सामान चढवायचं! मदिनेच्या वाटेवर लूटमार ठरलेली. १९२५ मध्ये हिजाझ इब्न सौदकडे गेल्यावर ती बरीच आटोक्यात आली आणि हळूहळू मोटारी धावू लागल्या.

आता या सगळ्यातली मला सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट. १९२५ मध्येच हिंदुस्थान सरकारने कायदा केला की हजला निघणाऱ्याने परतीचं तिकीट काढलंच पाहिजे, नाहीतर तेवढी रक्कम अनामत ठेवायची. कारण साधं होतं. परतीचे पैसे संपलेले शेकडो गरीब लोक दरवर्षी जेद्दात अडकत, रस्त्यावर पडून राहत, आणि शेवटी सरकारला त्यांना आणावं लागे. कागदावर बिनतोड नियम. पण त्याला विरोध झाला, आणि विरोधातला एक मुद्दा असा, की काही म्हातारी माणसं परत यायला निघालेलीच नसतात. त्यांना तिथेच मातीत जायचंय. त्यांना परतीचं तिकीट का घ्यायला लावता?

यावर मी बराच विचार केला. माझा कल सरकारकडेच झुकतो, कारण उपाशी मरणाऱ्या माणसाने तसं मरायचं ठरवलं होतं की त्याचे पैसे मुअल्लिमने, दलालाने आणि उंटवाल्याने संपवले होते, हे बाहेरून कळणार कसं? पण त्या आक्षेपात दम आहे. बरोबर कफन घेऊन निघणारे, ते जमजमच्या पाण्यात भिजवून आणणारे लोक होते ते. बोटीवर कुणी गेलं तर नमाज पढून समुद्रात सोडत. माणूस हे सगळं माहीत असून निघायचा.

पुढचा इतिहास थोडक्यात. मुंबई-जेद्दा मार्गावरचं मोठं नाव मोगल लाईन, १८७७ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं पुढचं रूप. स्वातंत्र्यानंतर ती सरकारी झाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या, नंबरच्या आधी ‘एचए’. (नोटा जमवणाऱ्यांना विचारा, डोळे चमकतात.) १९९५ पासून बोटी बंद. आता सगळे विमानाने.

आमच्या गल्लीतले एक चाचा ऐंशीच्या दशकात आपल्या आईला घेऊन बोटीने गेले होते. मी त्यांना विचारलं, चाचा, एवढे दिवस बोटीवर करायचं काय? ते म्हणाले, पहिले तीन दिवस अम्मा नुसती उलट्या करत होती आणि मला शिव्या देत होती. चौथ्या दिवशी उठली, डेकवर गेली, आणि मग खाली यायलाच तयार होईना. तिने आयुष्यात पाहिलेलं सर्वात मोठं पाणी म्हणजे गावचं तळं. बोटीवर मौलवी रोज बसवून शिकवायचे, कुठे काय म्हणायचं, किती फेऱ्या, कुठून सुरुवात. अम्माला लिहितावाचता येत नव्हतं, पण जेद्दा येईपर्यंत सगळं पाठ. यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा वाजायचा. भारतीयांनी एहराम बांधायची हद्द तिथे आहे. भोंगा वाजला आणि सगळी बोट पांढरी झाली, असं चाचा सांगतात. ते स्वतः नंतर विमानानेही जाऊन आले. मुंबईतच एहराम बांधला, चार-पाच तासांत उतरले. गुडघ्यांना बरं पडलं, म्हणाले, पण उतरलो तेव्हा डोक्यात अजून दुकानाचा हिशोबच चालू होता.

म्हणून बोटच बरी होती असं मी म्हणणार नाही. कामरान आणि ‘जेद्दा’ वाचल्यावर तसं म्हणवत नाही. हज कमिटी आता पासष्टीच्या पुढच्यांना राखीव जागा देते, पूर्वी ही अट सत्तरीची होती. सोबत्यासकट सोडतीशिवाय नंबर लागतो. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांच्यासाठी विमानच. २०१८ च्या जानेवारीत सौदीने समुद्रमार्ग पुन्हा सुरू करायला होकार दिल्याची घोषणा झाली होती. २३०० सागरी मैल, नव्या बोटीने तीन-चार दिवस, असा हिशोबही तेव्हा सांगितला गेला. बोट काही सुटली नाही.

एक गोष्ट मात्र टिकली आहे. निजामाच्या राज्याची मक्केत रुबात होती, म्हणजे आपल्या प्रजेतल्या यात्रेकरूंसाठी फुकट राहायची जागा. १९४८ मध्ये संस्थान गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाकडचे जिल्हे वेगवेगळ्या राज्यांत गेले, हाली सिक्का गेला, २०२३ मध्ये निजामाच्या नावाचं उस्मानाबादही अधिकृतपणे धाराशिव झालं. पण रुबातीच्या सोडतीसाठी अजूनही जुनी हद्दच धरतात. त्यामुळे परंड्याच्या आजोबांचं नाव त्या चिठ्ठीत पडू शकतं, आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या बार्शीच्या आजोबांचं नाही. चाचांच्या अम्माचा नंबर लागला नव्हता. त्या दोघांनी भाड्याची खोली घेतली होती, तिसऱ्या मजल्यावर, आणि अम्मा रोज पाच वेळा जिना चढली-उतरली.