लिझीबाईंचा खेळ

हॅस्ब्रो कंपनीने २०१९ मध्ये 'मिझ मोनोपॉली' काढली. यात जमीनजुमल्याऐवजी बायकांनी लावलेले शोध विकत घ्यायचे. फेरी पूर्ण झाली की पुरुषांना २०० डॉलर, बायकांना २४०. कल्पना गमतीची आहे! पण त्यात लिझी मॅगीचं नाव मात्र नाही.

अहो, मुळात हा खेळच तिचा. १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट तिला मिळालं. ती हेन्री जॉर्जच्या विचारांची. जमीन अडवून बसणारा नुसत्या भाड्यावर गब्बर होतो आणि बाकीचे कंगाल, हे तिला खेळातून दाखवायचं होतं. नियमही तिने दोन तऱ्हांचे केले. एकात इतरांना बुडवून जिंकायचं, दुसऱ्यात एकाने कमावलं की सगळ्यांच्याच पदरात काही पडायचं. (लहानपणी 'व्यापार' खेळताना धाकट्या भावाला कंगाल करून मला काय आनंद व्हायचा! हे दुसरे नियम आमच्यापर्यंत आलेच नाहीत.)

१९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरोकडून 'मोनोपॉली' घेतली. तो जनक ठरला, रॉयल्टीवर लक्षाधीश झाला. मॅगीच्या पेटंटचे कंपनीने ५०० डॉलर दिले, रॉयल्टी शून्य.

पुढे १९७०च्या दशकात 'अँटी-मोनोपॉली'वाल्या राल्फ अँस्पाक यांच्या कोर्टकज्जात हे सगळं बाहेर आलं. तेव्हा २०१९ मध्ये कुणाला माहीतच नव्हतं, असं काही म्हणता येत नाही.