अंतराने घडवलेली सायकल

पुण्यातल्या जुन्या वाड्यात जिन्याखाली, कोकणातल्या एखाद्या पडवीत किंवा शाळेच्या मागच्या शेडमध्ये एखादी काळी सायकल अजून सापडते. २८ इंची चाके, चेन पूर्ण झाकणारे पत्र्याचे कव्हर, तारेऐवजी लोखंडी काड्यांनी ओढले जाणारे ब्रेक आणि स्प्रिंगांवर ताणलेली चामड्याची सीट. अशा सायकली पूर्वी इंग्लंडमधून येत. रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए. ही नावे आजोबांच्या पिढीला पाठ होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला टी.आय., १९५१ साली सोनिपतला अॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले, आणि त्यांनीही बराच काळ जवळजवळ हाच नमुना बनवला.

घराची आवराआवर निघाली की या सायकलीचे काय करायचे हा प्रश्न येतो. भंगारात द्यावी, रंगवून दिवाणखान्यात शोभेला ठेवावी, की पुन्हा रस्त्यावर आणावी? उत्तर देण्याआधी ती कशी घडली हे पाहायला हवे. या सायकलीचा शोध कुणा एकाने लावलेला नाही. माणसे जसजशी लांब जाऊ लागली तसतशी त्यांना एकेक अडचण आली, आणि तिच्यातला प्रत्येक भाग हे अशा एखाद्या अडचणीचे उत्तर आहे.

छर्रे

१८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल ड्राइस याने दोन चाकांची लाकडी गाडी चालवली. तिला पायडल नव्हते. जमिनीवर पाय मारत पुढे जायचे. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसाला पायडल जोडले गेले. चाके लाकडाची आणि धाव लोखंडाची. फरसबंदीवर ही गाडी अशी हादरे की इंग्रजांनी तिला ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव दिले.

७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंतची ही पहिली सायकल शर्यत मानली जाते. जेम्स मूर हा तरुण सुमारे साडेदहा तासांत पोहोचला आणि जिंकला. त्याच्या सायकलीच्या आसाला ज्यूल स्युरिरे याने नुकतेच पेटंट घेतलेले बॉल बेअरिंग होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासण्याऐवजी मधले पोलादी गोळे गडगडतात, म्हणून घर्षण कमी होते. हे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. मैदानात दोन फेऱ्या मारणाऱ्याला हा फरक फारसा कळत नाही, पण १२३ किलोमीटर जाणाऱ्याला तो प्रत्येक फेऱ्यात कळतो. आपले सायकलवाले ज्यांना छर्रे म्हणतात ते हेच.

तारांचे चाक

त्याच सुमारास पॅरिसच्या युजेन मेयर याने लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या तारांचे चाक बनवले. १८७४ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने या तारा हबपासून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना छेदत बसवण्याचे पेटंट घेतले. चाक फिरवण्याचा जोर हबकडून धावेकडे नेण्यासाठी ही तिरपी रचना उपयोगी पडते.

बैलगाडीचा आरा खांबासारखा दाब सोसतो. सायकलचा आरा इतका बारीक असतो की दाब आला तर तो वाकेल. म्हणून सगळे आरे आधीच ताणून ठेवतात. वजन आले की जमिनीकडच्या आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. हे कानाने तपासता येते. सायकल उभी करून जमिनीकडचा एक आरा तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडा. मग एकाला सीटवर बसवा, दुसऱ्याने सायकल धरावी, आणि मागच्या चाकाचा तोच आरा पुन्हा छेडा. सूर खाली उतरलेला ऐकू येईल. चाकाचा ‘आऊट काढणारा’ कारागीर याच तणावांचा मेळ घालत असतो.

चेन आणि चौकट

पायडल थेट चाकाला जोडलेले असल्याने एका फेऱ्यात चाकाच्या परिघाएवढेच अंतर जाता येई. अधिक अंतर हवे तर चाक मोठे हवे. म्हणून पुढचे चाक वाढत गेले, ते स्वाराची टांग पुरेल तितके. थॉमस स्टीव्हन्स अशाच ५० इंची चाकाच्या सायकलीवर २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामाला पोहोचला. सायकलवरची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. वाटेत अफगाणिस्तानातून जाऊ दिले नाही, म्हणून तो समुद्रमार्गे कराचीला आला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँट ट्रंक रोडने गेला. इतक्या उंचावर बसलेल्या स्वाराचे पुढचे चाक दगडाला अडले तर तो डोक्यावर आपटे.

यावरचा उपाय १८८५ साली जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ सायकलीत मांडला: दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन. मँचेस्टरच्या हान्स रेनोल्डने १८८० साली काढलेली बुश-रोलर चेन हाताशी होतीच. आता चाक मोठे करण्याची गरज उरली नाही. पुढच्या चक्राला ४८ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक २.६७ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला तर ५.९ मीटर अंतर झाले. स्टीव्हन्सच्या उंच चाकाला एका फेऱ्यात जेमतेम ४ मीटर जाता येत होते.

पुढच्या चार-पाच वर्षांत चौकटीचा आकारही ठरला. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून केलेला चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून सायकलची चौकट मुख्यतः त्रिकोणांची असते. तो आकार आजही फारसा बदललेला नाही.

हवा

हवेच्या टायरचे पेटंट खरे तर १८४५ साली स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने घोडागाडीसाठी घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी १८८८ साली ते नव्याने शोधले. टॉमसनचे काम उजेडात आल्यावर डनलपचे पेटंट रद्द ठरले, तरी टायर राहिला. भरीव रबराचे चाक खड्यावर चढताना सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलते, आणि त्यात शक्ती वाया जाते. हवेचा टायर तेवढ्याच जागी दबतो.

पण पंक्चर झाले की डनलपचा चिकटवलेला टायर काढणे हे मोठेच काम होते. सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली. तीत पहिला आलेला शार्ल तेराँ हा मिशेलीन बंधूंचे नवे, काढता येणारे टायर वापरत होता. तो ७१ तास २२ मिनिटांत परतला, तोही न झोपता. दोनशेहून अधिक निघाले होते, जवळजवळ शंभर पोहोचले. रस्त्याच्या कडेला बसून स्वतः दुरुस्त करता येणे हादेखील यंत्राचा गुण आहे, हे या शर्यतीने दाखवून दिले.

गिअरचा वाद

एकच गिअर असला की सपाटीवर तो हलका वाटतो आणि चढावर जड. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन या डोंगराळ भागातल्या गावी पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) राहत. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने ते सायकलवर लिहीत आणि स्वतः मोठमोठे पल्ले मारत. चढाप्रमाणे गिअर बदलता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे संयोजक आंरी देग्रांज यांना हे मान्य नव्हते; शर्यत स्नायूंच्या बळावर जिंकावी असे त्यांचे मत. शर्यतीतल्या सर्वांना चेन सरकवणारा गिअर वापरायची मुभा मिळाली ती १९३७ साली. तोवर पल्लेवाल्या हौशी मंडळींनी तो वर्षानुवर्षे वापरून पारखला होता. इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२-०३ च्या सुमारास हबच्या पोटात बसणारा तीन वेगांचा गिअर आणला. जुन्या रॅलेच्या मागच्या चाकात तो कधी कधी सापडतो.

मुंबई ते मुंबई

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करत १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. अंतर भरले सुमारे ७१,००० किलोमीटर.

हा आकडा छाती दडपणारा आहे, म्हणून तो भागून पाहू. साधारण १,६१६ दिवस, म्हणजे दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर, मुक्काम आणि आजारपणे धरून. दूधवाले आणि पेपरवाले रोज सायकलवर कष्ट काढतात, त्यांना या आकड्याचे फार नवल वाटू नये. या तिघांची थोरवी वेगात नव्हती. रोज सकाळी पुन्हा निघण्यात होती. सपाट रस्त्यावर तेवढ्याच अंतरासाठी चालणाऱ्याला लागते त्याच्या सुमारे एक पंचमांश ऊर्जा सायकलस्वाराला पुरते. छर्रे, आरे, चेन आणि हवा या साऱ्यांची मिळून ही कमाई आहे.

जुनी सायकल उघडताना

आता जिन्याखालच्या सायकलीकडे वळू. ती पुन्हा चालवायची असेल तर एक साधा नियम धरावा: जे झिजते आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते बदलावे, बाकीचे फक्त साफ करावे.

टायर, ट्यूब, व्हॉल्व्ह ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलावेच. २८ इंची टायर आपल्याकडे अजून मिळतात. छर्रे मोजून घ्यावेत आणि एका बेअरिंगमधले सगळे एकदम बदलावेत, कारण जुन्या-नव्यांच्या आकारात सूक्ष्म फरक असतो. चेनची झीज फूटपट्टीने कळते. अर्ध्या इंची २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. सव्वाबारा इंचांच्या निम्म्या वाटेपर्यंत, म्हणजे १२⅛ इंचांपर्यंत ताणली असेल तर ती काढून टाकावी. हँडलखालच्या सांध्यापाशी रंगाला बारीक तडा दिसला तर आधी चौकट जाणकाराला दाखवावी.

उघडताना दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास अडतात. डावा पायडल आणि मधल्या आसाचा उजवा कप यांचे आटे उलटे असतात. कारण पाहायचे तर मुठीची सैल कडी करून तिच्यात पेन्सिल उभी धरा आणि तिचे टोक कडीच्या कडेला टेकवून गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने फिरू लागेल. सायकल चालताना नेमका हाच परिणाम सरळ आट्याचा डावा पायडल हळूहळू सैल करेल. दुसरी अडचण मापांची. बहुतेक इंग्रजी सायकलींच्या मधल्या आसाला इंचाला २४ आटे असतात, रॅलेच्या जुन्या सायकलींना २६. म्हणून जुना कप चांगला असेल तर रॉकेलने धुऊन तोच बसवावा.

रंगाची मात्र घाई करू नये. चौकटीवरचा क्रमांक, झिजलेली सोनेरी रेघ, स्टर्मी-आर्चर हबवर ठोकलेले साल ही त्या सायकलची कागदपत्रे आहेत. नव्या रंगाखाली ती कायमची जातात.

पुन्हा लांब जाताना

बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्यांचे पहिले लक्ष सीटकडे असावे. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेला की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली तर गुडघे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो. पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटर पुरेत, आणि चढावर उतरून चालण्यात कमीपणा नाही. काडीचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर उशिरा लागतात, हे लक्षात ठेवून उतार उतरावा.

पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आज शर्यत म्हणून होत नाही. दर चार वर्षांनी हौशी स्वार ते अंतर ९० तासांत पुरे करतात, आणि भारतातूनही अनेकजण जातात. त्याची तयारी करून घेणाऱ्या २०० किलोमीटरच्या फेऱ्या आपल्याकडेही होतात. त्यांना साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरांच्या आत. तेथे क्रमांक दिले जात नाहीत. वेळेत परत येणे पुरेसे असते.

शाळेला शक्य असेल तर अशी एक सायकल मिळवून आठवी-नववीच्या मुलांना ती पूर्ण उघडू द्यावी. सोबत नाक्यावरच्या सायकल दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. आरा किती कसायचा, कोन किती सैल सोडायचा, हे पुस्तकात नीट लिहिता येत नाही. ते त्याच्या बोटांत असते. जुन्या सायकलींबरोबर ही बोटेही कमी होत चालली आहेत. सुटे झालेले भाग वर्तमानपत्रावर मांडून प्रत्येकाशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात: त्याचे साल, आणि तो कोणत्या अडचणीतून आला. मग सायकल पुन्हा जोडावी, आणि मुलांनी ती आळीपाळीने शेजारच्या गावापर्यंत नेऊन आणावी.