बाळंतपण आणि कमरेची हाडं : ‘माप नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘पोरगी बारीक आहे, कंबर अरुंद आहे, नॉर्मल होणं अवघड,’ असं पहिलटकरणीच्या घरी हमखास ऐकायला मिळतं. पण बाळाची वाट बाहेरून दिसणाऱ्या कमरेवर ठरत नाही, ती आतल्या हाडांच्या पोकळीवर ठरते. ही रचना घरातल्या सगळ्यांनीच समजून घेतलेली बरी.

चार हाडं, चार सांधे

ही पोकळी चार हाडांची. दोन बाजूंना दोन नितंबास्थी, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. पुढे दोन्ही नितंबास्थी जिथे मिळतात तो एक सांधा, मागे त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना दोन आणि माकडहाडाचा चौथा. गरोदरपणात संप्रेरकांमुळे हे सांधे थोडे सैल होतात. शेवटच्या महिन्यांत कंबर, जांघा दुखतात त्याचं हेही एक कारण आहे. पुरुषाच्या मानाने बाईची पोकळी रुंद आणि उथळ असते, पुढच्या हाडाखालची कमानही मोठी असते.

वाट सरळ नाही

वरचं तोंड आडवं साधारण 13 सेंमी, तर पुढून मागे 11 सेंमी असतं. खालच्या तोंडाशी हे उलटं होतं : आडवं 11 आणि माकडहाड मागे सरकल्यावर पुढून मागे सुमारे 13. पूर्ण दिवसांच्या बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असेल, तर डोक्याचं माप साडेनऊ सेंमीच्या आसपास भरतं. त्यामुळे डोकं बहुतेक वेळा आडवं आत शिरतं आणि वाटेत वळतं. कवटीची हाडं जुळलेली नसल्याने ती एकमेकांवर थोडी सरकतातही. मधे दोन बाजूंनी हाडाची टोकं आत आलेली असतात. त्यांच्यातलं अंतर 10 सेंमीच्या आसपास, म्हणजे सगळ्यात अरुंद जागा हीच. ‘डोकं किती खाली आलं’ हे डॉक्टर, नर्स याच टोकांवरून ठरवतात.

आधी सांगता येतं का?

‘माप नाही’ म्हणजे बाळाचं डोकं आणि ही वाट यांचं प्रमाण जुळत नाही. त्यात बाळाचं वजन, डोक्याची ठेवण आणि कळांचा जोर हे सगळं येतं. म्हणून बहुतेक वेळा खरं काय ते कळा सुरू झाल्यावरच समजतं. निरोगी गरोदर बाई कळा घेऊन दाखल झाली की सरसकट हाडांचं माप घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं आहे.

काही जणींनी मात्र आधीपासूनच सिझरची सोय असलेल्या दवाखान्यात नाव घालावं. उंची 140 सेंमी किंवा कमी, लहानपणी झालेला मुडदूस, कमरेच्या हाडाचं जुनं फ्रॅक्चर किंवा आधीचं अवघड बाळंतपण, यातलं काहीही असेल तर पहिल्याच तपासणीला सांगा.

कधी थांबू नये

कळा जोरात आहेत, पण तोंड उघडत नाही किंवा डोकं खाली सरकत नाही, अशा वेळी घरी वाट पाहणं धोक्याचं. गर्भपिशवी फाटू शकते, बाळाचा श्वास कोंडतो, पुढे बाईला लघवी सतत गळण्याचा त्रासही राहू शकतो. ‘अजून थोडं थांबू’ न म्हणता 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तपासणीचे सगळे कागद हाताशी ठेवा.